पेरू देशाची पक्वान्ने आपल्या चुलीवर

'पेरूची पक्वान्ने' असे शब्द आम्ही फळ्यावर लिहिले, तेव्हा वर्गातील मुलांना प्रथम पेराद आठवली. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरांतून जे ताट येते त्यात पेरूच्या गराची ती तांबूस वडी बहुधा असतेच. परंतु आम्हांस अभिप्रेत असलेला पेरू हे फळ नव्हे, देश होय. दक्षिण अमेरिकेत, पॅसिफिक महासागराच्या काठी, अँडीज पर्वताच्या दोन्ही अंगांस तो पसरला आहे. फळाचे नाव पोर्तुगीज भाषेतील 'पेरा' या शब्दावरून आले असे मानतात. देशाच्या नावाशी त्याचे नाते नाही.

हा विषय निवडण्यास एक लहानसे कारण घडले. मधल्या सुटीत एका विद्यार्थ्याने डब्यातून उकडलेले रताळे काढले आणि भोवतालची मुले हसली. त्या मुलाने डबा झाकला. पुढले दोन दिवस तो एकटाच विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन बसला. हसणाऱ्यांवर रागावणे सोपे होते. त्यापेक्षा त्या रताळ्याचे कूळ सांगावे, असे आम्हांस वाटले.

रताळे मूळचे अमेरिका खंडातले. पेरूच्या किनाऱ्यावरील लोक ते हजारो वर्षांपासून पिकवीत आले आहेत. तांबडा भोपळा, मका आणि बटाटा यांचेही माहेर तेच खंड. आज एकादशीला आपण जे रताळे निःशंकपणे फराळास घेतो, ते आपल्याकडे आले पोर्तुगीज गलबतांच्या काळात. उलट दिशेनेही मोठी ये-जा झाली. उसाच्या रसापासून गूळ आणि साखर करण्याची विद्या भारतात वाढली. ती अरबांच्या हातून स्पेनपर्यंत गेली आणि १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत ऊस अमेरिकेस पोहोचला. स्पॅनिश लोक १५३२ साली पेरूत शिरले व १५३५ साली त्यांनी लिमा शहर वसविले. त्यांच्यामागून तांदूळ, संत्रे, लवंग आणि दालचिनी ही सारी आशियाची धनदौलत तेथील स्वयंपाकघरात शिरली. दालचिनीची ओढ तर एवढी की १५४१ साली गोन्झालो पिझारो 'दालचिनीचा देश' शोधण्यासाठी क्विटोहून निघाला आणि अँडीजपलीकडच्या अरण्यात त्याच्या तुकडीची वाताहत झाली. खरी दालचिनी होती सिंहलद्वीपात, आपल्या शेजारी!

म्हणूनच पेरूचे काही गोड पदार्थ करावयास आपल्याला परदेशी जिन्नस आणावे लागत नाहीत. त्यांतील दोन येथे सांगतो.

पहिला पदार्थ 'अर्रोस साम्बितो', म्हणजे गुळातला तपकिरी भात. तिकडे गुळाला 'चांकाका' म्हणतात. एक वाटी तांदूळ धुऊन चार वाट्या पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा व संत्र्याच्या सालीची एक पट्टी घालून मंद आचेवर शिजवावे. साल घेताना आतील पांढरा भाग येऊ देऊ नये. तो कडू असतो. शीत अगदी मऊ झाल्यावर एक वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे आणि मूठभर बेदाणे घालून सतत ढवळावे. मिश्रण पळीवरून सावकाश सरकू लागले की उतरावे आणि वरून अक्रोडाचे तुकडे व दालचिनीची पूड घालावी. तांदूळ पुरता शिजण्यापूर्वी गूळ मात्र घालू नये, कारण गोड पाकात शीत मऊ होत नाही, कणी टणकच राहते. नारळी भात करणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे सांगावयास नको. पेरूत पुष्कळ घरी यात दूधही घालतात. आपल्या गुळाने दूध फाटण्याचा संभव असल्याने आम्ही ते वगळले आहे.

दुसरा पदार्थ 'पिकारोनेस'. भोपळा आणि रताळे यांच्या पिठाची ही तळलेली कडी होत. येथे शब्दांचा एक घोटाळा टाळावा. आमच्या कोंकणीत 'दुदी' म्हणजे तांबडा भोपळा. मराठी पुस्तकातला 'दुधी' तो निराळा. आपल्याला हवा तो तांबडा. त्याच्या फोडी पाव किलो आणि तेवढेच रताळे सोलून, दालचिनी व चमचाभर बडीशेप घातलेल्या पाण्यात उकडावे. दालचिनी काढून टाकून फोडी चाळणीवर घासून गर काढावा. उकडलेले पाणी गाळून ठेवावे, फेकू नये. ते कोमट झाल्यावर त्यातील अर्ध्या वाटीत दोन लहान चमचे कोरडे यीस्ट व एक मोठा चमचा साखर कालवून दहा मिनिटे ठेवावी. फेस आला की ते गरात घालावे, चिमूटभर मीठ टाकावे आणि थोडा थोडा करीत सुमारे अर्धा किलो मैदा मिसळावा. पीठ पोळीच्या कणकेसारखे घट्ट नसावे. हाताला चिकटेल, ओढले असता तार धरील, इतके सैल असावे. घट्ट वाटल्यास उरलेले पाणी वापरावे. दहा मिनिटे हाताने फेटून, ओला कपडा झाकून उबेत दीड-दोन तास ठेवावे, म्हणजे ते दुप्पट फुगते.

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला. घाईने पाणी गरम असतानाच आम्ही यीस्ट घातले आणि तीन तास वाट पाहूनही पीठ जागचे हलले नाही. यीस्ट हा सजीव आहे. कोमट पाण्यात तो साखर खाऊन वायू सोडतो व त्या वायूने पीठ फुगते; कढत पाण्यात तो मरतो. गोव्याचे जुने पोदेर पाव फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत; तिच्यातही हेच सूक्ष्म जीव काम करीत असत.

तळताना मिठाच्या पाण्यात बोटे बुडवून पिठाचा लिंबाएवढा गोळा घ्यावा, अंगठ्याने मध्ये भोक पाडावे आणि कडे अलगद तापलेल्या तेलात सोडावे. काडीने उलटवून दोन्ही बाजूंनी सोनेरी करावे. हे काम मुलांनी एकट्याने करू नये. घरातील वडील माणूस जवळ असावे. पाकासाठी पाव किलो गूळ, दोन वाट्या पाणी, दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल एकत्र उकळून मधाइतका दाट करावा व गाळावा. तिकडे त्यात अंजिराचे पानही घालतात. गरम कड्यांवर पाक ओतून लगेच खावे. चव घेतल्यावर आपल्या घारग्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. भोपळा तोच, गूळ तोच, फक्त घाट निराळा.

'मासामोर्रा मोरादा' नावाची जांभळ्या मक्याची खीर मात्र आम्ही येथे देत नाही. तिचा रंग आणि स्वाद त्या विशिष्ट मक्याचा आहे. आपला पिवळा मका घेऊन कृत्रिम रंग घालणे म्हणजे नाव एकाचे आणि पदार्थ दुसऱ्याचा. ऑक्टोबर महिन्यात लिमा शहरात येशूच्या एका प्राचीन चित्राची मोठी मिरवणूक निघते. त्या दिवसांत लोक जांभळी वस्त्रे नेसतात आणि ही खीर व पिकारोनेस आवडीने खातात. ते मूळ चित्र १६५१ साली अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने भिंतीवर रंगविले, असे परंपरा सांगते.

गुलामांचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. पेरूच्या किनाऱ्यावरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे राबली. १८५४ साली त्या देशात गुलामगिरी रद्द झाली, तोवर तेथील गोडव्यात त्यांचा घाम होता. श्रीमंतांच्या घरी आणि रस्त्याच्या कडेला तळणीपाशी बसणाऱ्या पुष्कळ स्त्रियाही त्यांच्यातल्याच. 'साम्बितो' हे भाताचे नावसुद्धा, आफ्रिकी व मूळ अमेरिकी आईबापांच्या संततीस लावीत त्या शब्दावरून, गुळाचा काळसर रंग पाहून पडले. माणसांची प्रतवारी कातडीच्या रंगावरून करण्याच्या त्या काळाची ही खूण आहे. ज्यांना कमी लेखले, त्यांच्या हातचा पदार्थ मात्र साऱ्या देशाने आपला म्हटला.

विद्यार्थिमित्रहो, वर्गसंमेलनाच्या दिवशी आम्ही पिकारोनेस केले, तेव्हा रताळी कोठून आणावी हा प्रश्न निघाला. डबा झाकणारा तोच मुलगा उठून म्हणाला, "आमच्या मळ्यात आहेत." दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी पिशवीभर रताळी पाठविली आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी हसणारी मुले गर घासावयास सर्वांत पुढे होती. घरी हा पदार्थ करून पाहा, आणि पानात वाढताना रताळे कोठून आले, गूळ कोठे गेला, एवढे धाकट्या भावंडांना अवश्य सांगा.