पाण्याच्या मागोमाग एक जुनी राजधानी

बालाघाटाच्या डोंगरात, मांजरसुंब्यासारख्या गावी, परगावचा मनुष्य भेटला म्हणजे पाऊसपाण्याची चौकशी आधी होते आणि घरच्या खुशालीची मागाहून. विहिरीने तळ दाखविला की बोलण्यातले दुसरे विषय आपोआप गळून पडतात. असल्या मुलखातला कोणी धुळे-सोलापूर रस्त्याने बीड, गेवराई मागे टाकून छत्रपती संभाजीनगरास उतरला आणि जुने शहर पायी हिंडावयास निघाला, तर दरवाजे आणि घुमट पाहण्याआधी त्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहील. एवढी मोठी राजधानी येथे नांदली, ती पाणी कुठले प्याली?

प्रश्न रास्त आहे. गोदावरी येथून दक्षिणेस, पैठणला. म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर दूर. शहराच्या पश्चिम अंगास खाम नावाची नदी आहे खरी, परंतु तिला नदी म्हणावयाचे ते पावसाळ्यापुरतेच. अशा जागी, खडकी नावाच्या गावी, मलिक अंबराने १६१० साली निजामशाहीचे ठाणे वसविले. हा अंबर जन्माने हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदादकडून दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. मोगलांना त्याने गनिमी काव्याने कसे जेरीस आणले हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्याच्या नहरीची गोष्ट मात्र इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली आढळते.

ही फेरी पाणचक्कीपासून सुरू करावी. बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडील सूफी साधूच्या दर्ग्याचे हे आवार खामच्या काठी आहे. येथील चक्की १७४४ च्या सुमाराची, म्हणजे अंबराच्या मागून शंभरावर वर्षांनी झालेली; तिची नहरही निराळी. तथापि विद्या तीच असल्यामुळे समजून घेण्यास ही जागा सोयीची आहे. दुरून, वरच्या अंगाच्या झऱ्यापासून, मातीच्या भाजलेल्या नळांतून पाणी येथे आणले आहे. नळ चुन्याच्या बांधकामात बसविलेले, म्हणून ते फुटत नाहीत. बंद नळातले पाणी मध्ये उतार लागला तरी पुढे आपल्या मूळ पातळीजवळ चढू पाहते, या एकाच नियमाने ते एका उंच भिंतीच्या माथ्यावर जाते आणि तेथून धारेने हौदात कोसळते. याच पाण्याच्या जोराने खालचे पात्यांचे चाक फिरे आणि त्याबरोबर वरची जाती दळण दळीत. पीठ फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या भाकरीसाठी. बैल नाही, मजूर नाही. हौदाची आणखी एक मौज अशी की, त्याचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे; भर उन्हाळ्यातही त्या दालनात गारवा असतो.

अंबराची नहर याहून मोठ्या पसाऱ्याची. १६१७ च्या सुमारास ती पुरी झाली. उत्तरेकडील हर्सूल-सावंगीच्या बाजूस जमिनीच्या पोटातला पाझर हेरून त्याने तेथून शहराकडे भुयार खोदविले. वाहत्या नदीस बंधारा घालून हे पाणी घेतलेले नाही. जमिनीत मुरलेले पाणीच भुयाराच्या बाजूंनी झिरपत झिरपत गोळा होते आणि मंद उताराने चालू लागते. सूर्य लागत नाही म्हणून आटणे कमी, आणि उघड्यावर नाही म्हणून शत्रूला तोडण्यासही अवघड. मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडे ठेविली. त्यांतून माणूस उतरून गाळ काढी व हवा खेळती राही. पुण्याकडील वाचकांना नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजहून आणलेले नळ आणि त्यांवरील उच्छ्वास आठवतील. त्याच जातीची ही रचना, परंतु त्यांच्या सव्वाशे वर्षे आधीची.

हे ज्ञान मुळात इराणातले. तेथे अशा भुयारांना कनात म्हणतात आणि त्यांतील अकरा कनातींना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. अंबराच्याच काळात, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरास मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानेही तसलीच भुयारे करविली. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेले हे दोघे घरी परतल्यावर एकच उद्योग करीत होते, हे इतिहासातील एक गोड वैचित्र्य होय.

पाणचक्कीहून महमूद दरवाजातून बाहेर पडून थोडे चालले की भडकल दरवाजा लागतो. मोगलांवरील जयाचे स्मारक म्हणून अंबराने तो १६१२ साली उभारला असे सांगतात. शहराच्या दरवाजांत हा सर्वांत थोर. याच्या कमानीखाली उभे राहिले म्हणजे ध्यानात येते की येथे प्रथम दरवाजा झाला आणि तट पुष्कळ मागाहून आला. औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला तो १६८२ साली, मराठ्यांच्या स्वाऱ्यांचे भय वाटू लागल्यावर. आज त्या तटाचे तुकडेच कोठे कोठे शिल्लक आहेत. बावन्न दरवाजांची संख्या लोकांच्या तोंडी असली तरी उभे आहेत ते थोडके, आणि त्यांतल्या कित्येकांच्या दोन्ही अंगांनी वाहने धावत असतात.

किल्ले-अर्काच्या बाजूची जामा मशीद पाहताना समोरच्या कमानी मोजाव्या. नऊ भरतात. पाच अंबराने १६१२ मध्ये घातल्या, उरलेल्या चार औरंगजेबाने जोडल्या. दोन परस्परविरोधी सत्तांचे काम एकाच ओळीत इतके मिळून गेले आहे की मोजल्यावाचून कळत नाही. आत पन्नास खांब आहेत. त्यांच्या सावलीत घटकाभर बसण्याने चालण्याचा शीण जातो.

येथून चौकाकडे वळले की बाजाराची गर्दी सुरू होते. चौकातील मशीद शाएस्तेखानाच्या नावाने सांगितली जाते. लाल महालात ज्याची बोटे तुटली तोच हा. सराफा, मछली खडक, गुलमंडी अशा गल्ल्यांतून जाताना गावाच्या नावांचा इतिहास आठवावा. अंबर १६२६ साली वारला. त्याचा मुलगा फत्तेखान याने गावास फत्तेनगर म्हटले, १६५३ पासून औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. इतक्यांदा नाव बदलले तरी राजाबाजारातील संस्थान गणपती आजही ग्रामदैवत आहे, आणि खडकीची आठवण खडकेश्वराच्या देवळात राहिली आहे.

राजधानीपण मात्र टिकले नाही. निजामअलीने १७६३ च्या सुमारास राजधानी हैदराबादेस नेली. दरबार गेला की दरबाराच्या आश्रयाने जगणारे जातात. हिमरू विणणारे काही कसबी तेवढे मागे राहिले. पण नहरीचा खरा घात दरबार गेल्याने झाला नाही. अशी भुयारे वर्षाकाठी कोणीतरी आत उतरून साफ करावी लागतात, आणि ते काम करणारा हात थांबला की गाळ साचतो, गाळावर झाडाची मुळे पोचतात. पुढे वस्ती वाढली. कित्येक तोंडे बुजली, कित्येकांवर घरे आली. आपल्या अंगणाखालून नहर जाते हे घरमालकालाच ठाऊक नसावे, यापेक्षा नवल कोणते? काही भागांत अद्याप पाणी झुळझुळते, म्हणून हा दोष दगडाचुन्याचा म्हणता येत नाही.

गुलमंडीहून सरळ दक्षिणेस गेले की पैठण दरवाजा येतो आणि फेरी संपते. येथून निघणारी वाट पैठणास जाते. तेथेच १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. आजचे शहर त्याच पाण्यावर जगते. जलाशय शहरापेक्षा पुष्कळ सखल असल्यामुळे ते पाणी यंत्रांनी रात्रंदिवस वर चढवावे लागते. अंबराचे पाणी उत्तरेकडून आपल्या पायांनी उतरून येत असे.