वडीलधाऱ्यांचे बोलणे बोबडे झाले, तर?



गळीत हंगामात सगळ्या घराचे लक्ष उसाच्या फडाकडे असते. अशात एखाद्या सकाळी घरच्या आजोबांची जीभ जड झाली, शब्द बोबडे येऊ लागले, तर "रात्री झोप झाली नसेल", "आज तोडणीची टोळी आलीय, उद्या दवाखान्यात नेऊ", असे म्हणून वेळ काढली जाते. हीच चूक फार महागात पडते.

बोलणे हे नुसते जिभेचे काम नव्हे. जीभ, ओठ, घसा आणि श्वास या सर्वांना मेंदूकडून हुकूम जातो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या नळीत गुठळी अडकली, की तेथील काम बंद पडते. पाटात गाळ अडकला की पुढची सरी कोरडी राहते, तसेच हे. पण पाण्याची एक पाळी चुकली तरी ऊस तग धरतो. मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. कधी कधी नळीच फुटून रक्तस्राव होतो. पाट तुंबला की फुटला, हे सी. टी. स्कॅनशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घरी आपल्या मनाने देऊ नये.

घरच्या घरी तीन गोष्टी पाहाव्यात :

१) हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते काय?
२) दोन्ही हात समोर उचलायला सांगा. एक हात खाली येतो काय?
३) साधे वाक्य बोलायला सांगा. शब्द अडखळतात काय?

यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी 108 ला फोन करा व सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यासाठी माणूस शेवटचा नीट कधी बोलला, ती वेळ डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठल्यावर हे दिसले, तर रात्री झोपतानाची वेळ धरावी. मधुमेहाचे औषध चालू असल्यास तेही सांगा. रक्तातील साखर एकदम उतरल्यानेही जीभ अडखळते. चहा-पाणी पाजू नका, ठसका लागतो. तेल चोळण्यात किंवा कबुतराचे रक्त लावण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत बोलणे सुधारले, तरी त्याच दिवशी तपासून घ्या. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

काही वेळा बोलणे हळूहळू बिघडते. कंपवातात आवाज बारीक व एकसुरी होतो, हात थरथरतात. काहींचे बोलणे सकाळी ठीक, तर संध्याकाळी थकून बोबडे होते व पापण्या मिटू लागतात. यावरही औषध आहे. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, दारू, सैल झालेली कवळी हीही कारणे असतात. चालू गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

झटक्यानंतर वाचाउपचार लवकर सुरू करावेत. सावकाश, छोट्या वाक्यांत बोलण्याचा रोज सराव हवा. घरच्यांनी घाई करू नये, त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. बोलणे अडले म्हणून अक्कल गेली, असे नव्हे.

रक्तदाब व साखर नियमित तपासा. तंबाखू, मिश्री सोडा. टोळी आज गेली तर पुन्हा येईल. गेलेली वाचा परत येईलच, असे नाही.