बोंड कानात बसलं की

राळेगावात डिसेंबरची रात्र पुरती निःशब्द कधीच नसते. कापसाचा हंगाम चालू असतो आणि जिनिंग कारखान्याची घरघर गावाच्या कडेवरून रात्रभर येत राहते. तीन भारी इअरफोन घेऊन मी माडीवर बसलो, तेव्हा ही घरघर मला अडचण वाटली होती. अर्ध्या तासात तीच माझी मोजपट्टी झाली. इअरफोनचं कानात जाणारं टोक, म्हणजे टिप, नीट बसलं की जिनिंग विझते. ऐकू येत राहिली, तर कुठेतरी फट आहे आणि पुढचं सगळं ऐकणं फुकट.

हे मला कळायला बरीच वर्षं गेली. आधी मी आवाजावरच बोलायचो. हा गोड, तो कोरडा, त्याला बेस नाही. त्यातल्या कितीतरी तक्रारी खरं तर माझ्या कानाच्या होत्या. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिचं तोंड घट्ट बंद झालं, तर आत उरलेली हवा इतकी थोडी असते की इअरफोनचा पडदा केसभर हलला तरी ती दाबली जाते आणि खर्जाचे सूर भरून ऐकू येतात. सुईएवढी फट राहिली, तर पहिल्यांदा निसटतो तो खर्ज. तबल्याचा बायाँ पोकळ होतो, तंबोऱ्याचा खालचा षड्ज नुसता भासासारखा उरतो. माझ्या उजव्या कानाला मधल्या मापाची टिप लागते आणि डाव्याला मोठी. डब्यातून येणारी जोडी एकाच मापाची लावून मी वर्षानुवर्षं डावीकडे कमी ऐकत आलो.

तिघांपैकी पहिला इटिमोटिकचा ईआर४, तीन पाकळ्यांच्या टिपचा. हा प्रकार १९९१ मध्ये आला. त्यामागचे मीड किलियन श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले, आणि आतला बारीक ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ ड्रायव्हरही श्रवणयंत्रांतलाच. दुसरा सेनहायझरचा आयई ६००. त्यात सात मिलिमीटरचा एकच पडदा. तिसऱ्याचं नाव लिहीत नाही. त्यात पाच ड्रायव्हर आहेत, पण त्याची पुढची नळी माझ्या कानाला जाड पडते. वीस मिनिटांत कानाची कड दुखायला लागली.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणं सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक जण टाळतात. जरा मोठ्याने वाजणारा इअरफोन आपल्याला चांगलाच वाटतो. आवाज कमी असला की कानाला खर्ज आणि वरचे सूर दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. मी फोनच्या माइकला एका रबरी नळीने टिप जोडतो, तिन्हींवर तोच खरखराट वाजवतो आणि आकडे जुळवून घेतो. जुगाड ढोबळ आहे, पण नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. डोळे मिटून, कोणता कोणता हे न कळता ऐकावं असंही वाटतं. स्पीकरच्या बाबतीत ते जमतं. इथे कानच इअरफोनचं कवच ओळखतो.

मग किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला. आयई ६००वर तंबोरा पाठीमागे सावकाश पसरला. ईआर४वर तो जवळ आला, आणि जवारीची एकेक किनार वेगळी दिसावी तशी ऐकू आली. टिप किती आत गेली यावरही वरचे सूर बदलतात. बंद नळीतली एक ठळक गुंज बहुधा आठ हजार हर्ट्झच्या आसपास असते. टिप आत सरकली की ती गुंज वर सरकते. एका बसवणीत ‘स’ टोचला, दोन मिलिमीटर आत ढकलल्यावर तोच ‘स’ मऊ झाला. म्हणून प्रत्येक मत मी दोनदा बसवून, दोनदा ऐकूनच लिहितो.

काकाजी वर आले तेव्हा दहा वाजून गेले होते. आमचे काकाजी भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी म्हणजे गाण्याचा अर्धा जीव. त्यांनी किंमत विचारली. आयई ६०० बाजारात आला तेव्हा ६९९ डॉलरचा होता. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. मी म्हणालो, ‘‘आठ क्विंटलच्या आसपास, काकाजी.’’ ते काही बोलले नाहीत. जोडी दोन्ही तळव्यांत धरून बसले. हिशेब मलाही जड गेला.

‘‘लाव माह्या कानात,’’ ते म्हणाले. अत्तराचा फाया जिथे ठेवतात, कानाच्या त्या खोलगटात कवच छान टेकलं. टिपेला ते ‘बोंड’ म्हणाले. ‘‘हे बोंड लहान हाय. वारं शिरते.’’ मोठं लावलं. मग कान जरा मागे-वर ओढून बसवलं. काकाजींनी खिडकीकडे पाहिलं.

‘‘जिनिंग बंद झाली काय रे?’’

‘‘नाही काकाजी, चालूच आहे.’’

मी चढत जाणारा सूर लावला. आठ हजारांच्या थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, ‘‘सरलं.’’ मला तो अजून बराच वेळ ऐकू येत होता. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. पण म्हणून त्यांचं मत कमी दर्जाचं ठरत नाही, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

गेल्या गुरुवारच्या भजनाचं माझं रेकॉर्डिंग त्यांना तिन्हींवर ऐकवलं. पाच ड्रायव्हरवाल्यावर झांजा लखलखत होत्या. त्यांनी मान हलवली, ‘‘निरा झांजाच हायेत.’’ आयई ६००वर ते गप्प झाले. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही. मग ईआर४वर तोच तुकडा. बोटं गुडघ्यावर हलत होती, थाप पडायच्या जागी थांबत होती.

‘‘कातडं उतरलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘दवानं. दुसऱ्या भजनापासूनच. अन् कोनं सांगतलं नाही.’’

ते रेकॉर्डिंग मी महागड्या इअरफोनवर वीसदा ऐकलं होतं. झांजा कशा, खोली किती, आवाज कुठून येतो, सगळं वहीत लिहिलं होतं. खंजिरीचं कातडं ढिलं आहे, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

काकाजींनी इअरफोन अलगद काढून माझ्या हातात दिले आणि जिना उतरले. खाली चुलीत निखारे होते. थोड्या वेळाने थाप ऐकू आली, आधी बसकी, मग दर वेळी थोडी चढी. जिनिंगच्या घरघरीतूनही ती स्वच्छ वर येत होती.