मागचा लाल दिवा

सायकलचा पुढचा दिवा असतो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून, आणि मागचा असतो आपण इतरांना दिसावं म्हणून. म्हणूनच त्याची आबाळ होते. तो विझला तरी चालवणाऱ्याला पत्ताच नसतो!

पहाटे अंधारात दूध घालायला निघालेला गवळी डोळ्यांपुढे आणा. मागून ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. सायकल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे आलेली असते. तेव्हा आपण लांबूनच दिसायला हवं.

मडगार्डवर रिफ्लेक्टर आहे की, असं कुणी म्हणेल. तो हवाच, पण त्याला स्वतःचा उजेड नाही. दुसऱ्याच्या दिव्याचा झोत पडला तरच तो चमकतो. साध्या डायनॅमोचा दिवा चाक थांबताच विझतो. म्हणून सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारा लाल एलईडी दिवा घ्यावा. तो बाजूनेही दिसतो का, झाकण घट्ट बसतं का आणि सेल गावातल्या दुकानात मिळतात का, हे पाहावं. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो. पण अंधाऱ्या रस्त्यावर अंतराचा अंदाज येतो तो स्थिर दिव्यानेच. दोन्ही सोयी असलेला दिवा उत्तम.

सीटखाली लावलेला दिवा कॅरिअरवरच्या ओझ्याआड दडतो. ओझं नेणाऱ्यांनी तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला, तोंड सरळ मागे करून बसवावा.

आता निगा. काचेवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसावा. नव्या सेलबरोबर जुना सेल घालू नये. दिवा बरेच दिवस वापरायचा नसेल, तर सेल काढून ठेवावेत. पत्र्यांवर गंज चढला, तर पॉलिश पेपरने हलकेच घासावा.

सेल हळूहळू उतरतात, त्यामुळे मंदावलेला उजेड लक्षात येत नाही. यावर उपाय सोपा. आठवड्यातून एकदा रात्री सायकल अंगणात स्टँडवर लावा, नेहमीचं ओझं चढवा आणि पन्नास पावलं मागे जाऊन पाहा. तुम्हाला जे दिसेल, तेच मागून येणाऱ्या ड्रायव्हरला दिसणार आहे.