नॉर्मल की सिझेरियन? उत्तर दडलंय तासागणिकच्या नोंदीत

परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासून सुरू आहे. तेव्हापासून लालबाग-गिरगावातल्या कुटुंबांचा प्रसूतिकक्षाबाहेरचा प्रश्न एकच : नॉर्मल होईल ना?

बहुतेक वेळा याचे उत्तर कळा सुरू होण्याआधी खात्रीने देता येत नाही. ते तक्त्यावर तासागणिक स्पष्ट होत जाते. गर्भाशयाचे तोंड किती उघडले, कळा कशा येतात, बाळाचे डोके किती खाली आले आणि ठोके किती, हे त्यात नोंदवतात.

जुना ठोकताळा होता : तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यावर तासाला १ सेंटिमीटर प्रगती हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हा वेग सर्वच महिलांना लागू होत नाही, असे स्पष्ट केले. २०२० च्या नव्या तक्त्यात सक्रिय कळांची नोंद ५ सेंटिमीटरपासून होते. तिथेच ६ तास अडल्यास तो सावधगिरीचा इशारा ठरतो.

म्हणजेच, आई व बाळ ठीक असतील तर निव्वळ वेळ लागतोय हे सिझेरियनचे कारण नाही. बाळाचे ठोके मिनिटाला ११० च्या खाली गेले किंवा १६० वर पोहोचले, तर मात्र तातडीने तपासणी हवी.

त्यामुळे नातेवाइकांनी ‘अजून किती वेळ?’ याबरोबरच विचारावे : ‘तोंड किती उघडलंय, ठोके कसे आहेत?’