कल्याणच्या बत्तीस तबकड्या

वर्तकनगरच्या वसाहतीतून रात्री आकाशाकडे पाहावे, तर चार-दोन ठळक ताऱ्यांपलीकडे काही दिसत नाही. शहराच्या झगमगाटाने बाकीचे आकाश गिळून टाकले आहे. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावाचून विश्वाचा वेध घेणाऱ्या शास्त्राचे आपल्या देशातील एक महत्त्वाचे पाऊल याच ठाणे जिल्ह्यात पडले, हे येथील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

१९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांनी कल्याणला रेडिओ दुर्बीण उभारली. सिडनीजवळ वापरून झालेल्या, भेट म्हणून मिळालेल्या ६ फूट व्यासाच्या ३२ तबकड्या, एवढेच तिचे भांडवल! तिने सूर्याचा अभ्यास केला आणि त्याहून मोलाचे म्हणजे माणसे घडविली. त्याच गटाने पुढे १९७० साली उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली आणि नंतर नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची.

या दुर्बिणींनी दूरच्या रेडिओ दीर्घिका न्याहाळल्या. अशा दीर्घिकेच्या गाभ्यातील प्रचंड कृष्णविवराच्या परिसरातून द्रव्याचे दोन झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने विरुद्ध दिशांना फेकले जातात. त्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात, तेव्हा रेडिओ लहरी निघतात. तेच इलेक्ट्रॉन साध्या प्रकाशकणांना धडकून त्यांना आपली ऊर्जा देतात, तेव्हा गॅमा किरण निपजतात. त्यांची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या अब्जावधी पट असू शकते.

झोत नेमका आपल्याकडे रोखलेला असेल, तर तो अतिशय तेजस्वी दिसतो. रेडिओ दीर्घिकांचे झोत मात्र तिरपे असतात. तरीही त्यांतल्या काहींकडून गॅमा किरण येतात. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २३ कोटी प्रकाशवर्षांवर असलेली एनजीसी १२७५ ही त्यांपैकीच एक. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात ती भडकली, तेव्हा लडाखमधील हानले येथील २१ मीटर व्यासाच्या ‘मेस’ या भारतीय दुर्बिणीने ते किरण टिपले. हे किरण कृष्णविवराच्या निकट जन्मतात की झोतात दूरवर, हा वाद अद्याप मिटलेला नाही. रेडिओ निरीक्षणे झोताची ठेवण दाखवितात. गॅमा किरणांच्या झपाट्याने होणाऱ्या चढउतारांवरून उगमस्थान किती लहान असावे, हे कळते. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

‘याचा आपल्याला उपयोग काय?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. कल्याणच्या तबकड्यांनी त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. परक्यांनी वापरून सोडलेल्या साहित्यावर ज्यांनी हात बसविला, त्यांनीच पुढे स्वतःच्या कल्पनेची दुर्बीण या भूमीवर उभारली. हे स्वावलंबन बाजारात विकत मिळत नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडली जातात. ठाणे-कल्याणच्या शिक्षकांनी आपल्या मुलांना तेथे अवश्य न्यावे. मात्र निघण्यापूर्वी, या वाटेची सुरुवात आपल्याच कल्याणहून झाली, एवढे त्यांना सांगावे.