आदिमानव फक्त मांसच खायचा का? भाकरी सोडण्याआधी हे वाचा

‘आदिमानव मांस खायचा, म्हणून भाकरी सोडा’ असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरताहेत. पण पुरावे वेगळंच सांगतात. इस्रायलमधील ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव-गव्हाचे दाणे आणि दळायचा दगड सापडला. टांझानियातील हाडझा लोक आजही शिकारीसोबत कंदमुळं, रानफळं, गोरखचिंच आणि मध खातात. म्हणजे पिष्टमय पदार्थ आहारात पूर्वीपासून होतेच. मात्र ते चोथ्यासकट खाल्ले जायचे आणि त्यासाठी भरपूर पायपीट व्हायची.

साखर, मैदा कमी केला तर चांगलंच. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असताना भाकरी एकदम बंद केली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.